पुढचा गिअर का पडत नाही?

गिअरची सायकल घेऊन काही महिने झाले की बहुतेकांची तक्रार एकच असते. मागचे गिअर बिनबोभाट पडतात, पुढचा मात्र अडतो. डाव्या हाताचा खटका अंगठा दुखेपर्यंत दाबावा लागतो. चेन मधल्या चक्रावरून मोठ्यावर चढत नाही, घाट लागला की छोट्यावर उतरत नाही, आणि उतरलीच तर चक्र ओलांडून थेट फ्रेमवर जाऊन पडते. मग घरातलं कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतं, डिरेलरवरचे दोन स्क्रू अंदाजाने इकडे-तिकडे फिरवतं, आणि सायकल आधीपेक्षा जास्त बिघडते.

हे टाळता येतं. पुढच्या डिरेलरची रचना साधी आहे: हलणारे भाग मोजके, सगळे उघड्यावर, डोळ्यांना दिसणारे. एक स्क्रूड्रायव्हर, एल-कींचा संच आणि थोडा निवांतपणा असेल तर बहुतेक बिघाड घरीच सापडतात. अट एकच, स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावायचा. ते दोन स्क्रू आपोआप सहसा फिरत नाहीत. कालपर्यंत नीट चालणारा गिअर आज अडत असेल तर बदल दुसरीकडे कुठेतरी झालेला असतो: वायरमध्ये, साचलेल्या चिखलात, किंवा सायकल पडली तेव्हा बसलेल्या धक्क्यात.

१. मागे सोपं, पुढे अवघड, असं का?

डिरेलर म्हणजे चेनला एका चक्रावरून शेजारच्या चक्रावर ढकलणारं यंत्र. मागे आणि पुढे दोन्हीकडे काम तेच, पण ते चेनच्या वेगवेगळ्या भागांवर होतं. आपण पेडल मारतो तेव्हा पुढचं चक्र चेन ओढतं, त्यामुळे चेनचा वरचा भाग ताठ असतो आणि खालचा सैल. मागचा डिरेलर खालच्या सैल भागाला हलवतो. पुढच्याच्या वाट्याला मात्र वरचा ताठ भाग येतो.

विहिरीवर पाणी शेंदलेल्यांना हा फरक लगेच कळेल. पोहरा रिकामा असताना दोर एका बोटाने बाजूला सारता येतो. तोच पोहरा भरून वर येत असताना दोर बाजूला ढकलून पाहा, सगळा हात लावावा लागतो. पुढचा डिरेलर नेहमी भरल्या पोहऱ्याचा दोर ढकलत असतो.

दुसरा फरक दातांचा. मागच्या शेजारशेजारच्या चक्रांमध्ये साधारण दोन ते चार दातांचा फरक असतो. पुढे तीन चक्रं असलेल्या सायकलीवर ४२, ३४ आणि २४ दात अशी रचना सर्रास दिसते, म्हणजे फरक आठ आणि दहाचा. रोड सायकलींवर ५० आणि ३४ ही जोडी असते, तिथे तर सोळा दातांचा. एवढी उंची चेनला एका दमात चढायची असते.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. खटका दाबताना पेडल मारणं थांबवायचं नाही, कारण चेन फिरल्याशिवाय जागा बदलत नाही. पण पायातला जोर मात्र काढून घ्यायचा. पाय फिरत राहावेत आणि अर्धा-पाऊण फेरा तरी चेनवर वजन पडू नये. घाटात हे जमत नाही, कारण जोर काढला की सायकल थांबते. त्यामुळे सिंहगडाचा किंवा खंबाटकीचा चढ सुरू होण्याआधी, सपाटीवरच, पुढचं छोटं चक्र घ्यावं. चढावर अडकलाच असाल तर आधी मागचे गिअर हलके करत जा. पुढचा बदलायचाच असेल तर दोन-चार फेरे जोरात मारून थोडा वेग घ्या आणि त्या वेगावर पाय सैल सोडून खटका दाबा. ज्या सायकली ‘पुढचा गिअर खराब आहे’ म्हणून दुकानात येतात, त्यांतल्या काहींना फक्त एवढंच हवं असतं.

२. वायर ओढते, स्प्रिंग परत आणते

आता डिरेलरकडे नीट पाहा. चेनच्या दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या दिसतील, एक आतली आणि एक बाहेरची. या दोन पट्ट्यांच्या पिंजऱ्यातून चेन जाते. डाव्या हाताचा खटका दाबला की वायर ताणली जाते, पिंजरा बाहेर सरकतो आणि आतली पट्टी चेनला मोठ्या चक्राकडे ढकलते. खटका सोडला की वायर सैल पडते आणि डिरेलरमधली स्प्रिंग पिंजऱ्याला आत, छोट्या चक्राकडे आणते. बहुतेक सगळ्या सायकलींवर दिशा हीच.

याखेरीज दोन छोटे स्क्रू असतात, त्यांच्याजवळ इंग्रजी एल आणि एच ही अक्षरं कोरलेली असतात. हे स्क्रू गिअर बदलत नाहीत. पिंजऱ्याने आत किती जायचं याची हद्द एल ठरवतो, बाहेर किती जायचं याची एच.

एवढं समजलं की तक्रारीवरून कारणाची दिशा कळते. चेन मोठ्या चक्रावर चढत नसेल तर एक तर वायरची ओढ कमी पडते आहे, किंवा एचची हद्द फार अलीकडे आहे. छोट्यावर उतरत नसेल तर वायर कुठेतरी अडकते आहे, गरजेपेक्षा जास्त ताणलेली आहे, बिजागऱ्या आखडल्या आहेत, किंवा एलची हद्द फार अलीकडे आहे. चेन चक्र ओलांडून पलीकडे पडत असेल तर बहुधा त्या बाजूची हद्द सैल आहे. शोध इथून सुरू करायचा.

३. आधी वायर

आपल्याकडे पुढच्या गिअरचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पावसाळा. पुष्कळ सायकलींमध्ये गिअरची वायर फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवरून खाली येते, पेडलच्या आसाखाली बसवलेल्या प्लॅस्टिकच्या खोबणीतून वळते आणि वर डिरेलरकडे जाते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल नेमका याच खोबणीत जाऊन बसतो. ऑक्टोबरचं ऊन लागलं की तो वाळून दगड होतो आणि वायर त्यात रुतते. सायकल वरून लख्ख पुसलेली असते, पण उलटी करून पोट पाहिलेलं नसतं.

तपासणी अशी करा. मागचं चाक जमिनीपासून उचललेलं हवं. स्टँड नसेल तर झोपाळ्याच्या कडीला दोर बांधून सीट त्यात टांगली तरी चालते. आता एका हाताने पेडल फिरवत, जिथे वायर उघडी दिसते तिथे ती दुसऱ्या हाताने धरून फ्रेमपासून बाहेर ओढा. पिंजरा सहज सरकला आणि चेन मोठ्या चक्रावर चढली, तर डिरेलर ठीक आहे. दोष खटक्यात, वायरच्या वरच्या भागात किंवा ताणात आहे. वायर सोडल्यावर पिंजरा टणकन परत यायला हवा. तो रेंगाळत असेल तर कुठेतरी घर्षण आहे. मग वायरचं टोक धरून ठेवणारा बोल्ट सैल करून वायर सोडवा आणि पिंजरा नुसत्या बोटाने ढकलून पाहा. आता तो झटकन परत येत असेल तर दोष वायरचा. अजूनही रेंगाळत असेल तर डिरेलरच्या बिजागऱ्या गंजल्या आहेत.

खोबणी आणि बिजागऱ्या जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने घासा, वाळू द्या, आणि बिजागऱ्यांना शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब द्या. खोबरेल नको, हिवाळ्याच्या सकाळी ते थिजतं. पंक्चरच्या दुकानात मिळणारं गाडीचं जळकं ऑइल तर अजिबात नको. ते धूळ धरतं, आणि धूळ व तेल मिळून जो काळा चिकटा तयार होतो तो कानसासारखा धातू खातो.

वायरवरचं काळं आवरण, ज्याला दुकानात आउटर म्हणतात, ते टोकांशी फुगलेलं, चिरलेलं किंवा गंजाने तांबूस झालेलं असेल तर ते बदलाच. वायरही त्याच वेळी नवी घालावी; खर्च फार नसतो आणि गिअर नव्यासारखा चालतो. इथे एक गोष्ट मात्र दुकानात उभं राहून पाहा. गिअरचं आउटर आणि ब्रेकचं आउटर वेगवेगळं असतं. गिअरच्या आउटरमधल्या तारा लांबीच्या दिशेने सरळ गेलेल्या असतात, त्यामुळे ते दबत नाही. ब्रेकच्या आउटरमध्ये पत्ती स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि ती थोडी दबते. ब्रेकचं आउटर गिअरला लावलं तर खटक्याची काही ओढ त्या दबण्यातच खर्च होते आणि चेन मोठ्या चक्रावर पोहोचत नाही. उलट चूक तर धोक्याची आहे: गिअरचं आउटर ब्रेकला लावलं तर जोराने ब्रेक दाबल्यावर ते फाटू शकतं.

सायकल अगदी नवी असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्या काही आठवड्यांत आउटरची टोकं आपापल्या जागी घट्ट बसतात आणि वायर थोडी सैल पडते. ‘वायर लांबली’ असं आपण म्हणतो, पण खरं तर आउटर बसलेलं असतं. पहिली सर्व्हिस यासाठीच असते, ती चुकवू नका.

४. पिंजरा जागेवर आहे का?

सायकल उजव्या अंगावर पडली, एसटीच्या टपावर आडवी ठेवून नेली, किंवा ती धरताना कोणी डिरेलरलाच हात घातला, तर पिंजरा फ्रेमवर किंचित फिरतो किंवा घसरतो. मग कितीही स्क्रू फिरवा, उपयोग नाही.

दोन गोष्टी पाहायच्या. पहिली उंची. पिंजऱ्याची बाहेरची पट्टी हाताने मोठ्या चक्राच्या अगदी वर आणा. पट्टीची खालची कड आणि दातांची टोकं यांत १ ते ३ मिमी अंतर हवं. २ मिमीची एल-की त्या फटीत घालून पाहा. ती जेमतेम सरकली की उंची बरोबर. पिंजरा यापेक्षा उंच असेल तर तो चेनला वरच्या वर ढकलतो आणि गिअर रडतखडत पडतो. फार खाली असेल तर दातांवर आपटतो.

दुसरी दिशा. सायकलीच्या वर उभं राहून खाली पाहिलं तर बाहेरची पट्टी चक्राला समांतर दिसली पाहिजे. ती तिरकी असेल तर डिरेलरचा पट्टा घट्ट करणारा बोल्ट थोडा सैल करा, पिंजरा सरळ करा आणि उंची तीच ठेवून पुन्हा आवळा. बोल्ट पूर्ण सैल करू नका, नाहीतर उंची आणि दिशा दोन्ही एकदम हलतात.

५. आता एल, मग ताण, मग एच

जागा बरोबर असूनही चेन पलीकडे पडत असेल किंवा पोहोचत नसेल, तरच स्क्रूकडे वळा. सुरुवातीला प्रत्येक स्क्रूची खाच कोणत्या दिशेला आहे याचा मोबाइलवर फोटो काढा आणि एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका. बहुतेक डिरेलरमध्ये स्क्रू आवळला की हद्द अलीकडे येते, सैल केला की पलीकडे जाते.

सुरुवात एलपासून. वायर सोडवलेली असू द्या, म्हणजे पिंजऱ्यावर फक्त स्प्रिंगची सत्ता राहील. चेन पुढे सगळ्यात छोट्या आणि मागे सगळ्यात मोठ्या चक्रावर आणा. इथे चेन आतल्या बाजूला जास्तीत जास्त झुकते. आतली पट्टी आणि चेन यांत अर्ध्या मिमीची फट उरेल एवढा एल फिरवा. चेन घासत नाही पण फट डोळ्यांना जेमतेम दिसते, हे माप.

मग खटका सगळ्यात खालच्या आकड्यावर आणा, वायर हाताने ओढून सगळा ढिलेपणा काढा आणि बोल्ट आवळा. पुढे तीन चक्रं असतील तर चेन मधल्या चक्रावर आणि मागे सगळ्यात मोठ्यावर न्या. आतली पट्टी चेनला घासत असेल तर ताण कमी करायला हवा. चेन मधल्यावर चढायलाच कुरकुरत असेल तर उलट, ताण वाढवायला हवा. खटक्याजवळ, जिथे वायर बाहेर पडते, तिथे एक छोटी दंडगोल मूठ असते. ती बाहेर येईल अशी फिरवली की ताण वाढतो, आत जाईल अशी फिरवली की कमी होतो. अर्धा-अर्धा फेरा द्यायचा आणि प्रत्येक वेळी गिअर टाकून पाहायचा.

शेवटी एच. चेन पुढे सगळ्यात मोठ्या आणि मागे सगळ्यात छोट्या चक्रावर. बाहेरची पट्टी आणि चेन यांत पुन्हा अर्धा मिमी. चेन पेडलच्या बाजूला पडत असेल तर एच थोडा आवळा. मोठ्यावर चढतच नसेल तर थोडा सैल करा, पण आधी ताण पुरेसा आहे याची खात्री करून. हा क्रम उलटा झाला की गोंधळ होतो: ताण कमी म्हणून चेन चढत नसते, माणूस एच सैल करत जातो, पुढे कधीतरी ताण ठीक होतो आणि चेन बाहेर पडू लागते.

नव्या रोड सायकलींवरच्या काही डिरेलरना ताण ठरवण्यासाठी वेगळा स्क्रू असतो आणि त्यांची पद्धत वेगळी आहे. त्यांना हे माप जसंच्या तसं लावू नका, कंपनीची पुस्तिका पाहा.

६. घासण्याचा आवाज हा बिघाडच का?

नेहमी नाही. पुढे मोठं आणि मागेही मोठं चक्र, किंवा पुढे छोटं आणि मागेही छोटं, अशा जोड्यांमध्ये चेन तिरकी धावते. ती पिंजऱ्याला थोडी घासणारच. स्क्रू फिरवून हा आवाज घालवायला गेलं तर दुसऱ्या टोकाची चेन पडायला लागते.

आणि त्या जोड्यांची गरजही नसते. पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४ ते २८ दातांची सात चक्रं असलेली ‘२१ गिअरची’ सायकल घ्या. पुढचे दात भागिले मागचे दात, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती वेळा फिरतं ते.

पुढे २४, मागे १४: १.७१
पुढे ३४, मागे २०: १.७०
पुढे ४२, मागे २४: १.७५

पायाला तिन्ही जवळपास सारखेच लागतात. पहिल्यात चेन पार तिरकी आहे, दुसऱ्यात ती जवळजवळ सरळ धावते. मग पहिला कशाला वापरायचा? दुकानात सांगितलेल्या २१ या आकड्यातले कितीतरी गिअर असे एकमेकांवर चढलेले असतात. छोट्या चक्रासोबत मागची मोठी तीन-चार चक्रं, मोठ्यासोबत मागची छोटी तीन-चार आणि मधल्यासोबत मधली, एवढंच वापरलं तर आवाज जातो आणि चेनचं आयुष्यही वाढतं.

काही खटक्यांमध्ये, विशेषतः रोड सायकलींवर, अर्धी टिचकी असते. तिने गिअर बदलत नाही, फक्त पिंजरा केसभर सरकतो आणि घासणं थांबतं. तुमच्या सायकलीला ती आहे का, हे एकदा हळूच दाबून पाहा. पुष्कळांना ती असल्याचं माहीतच नसतं.

७. तरीही अडत असेल तर

मग दोष डिरेलरचा नाही, ज्यावर तो काम करतो त्या गोष्टींचा आहे.

पेडलचा दांडा धरून फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवा. खडखड जाणवली तर आसाचं बेअरिंग, म्हणजे बॉटम ब्रॅकेट, सैल किंवा झिजलेलं आहे. चक्रंच हलत असतील तर अर्ध्या मिमीचं माप कुठून टिकणार? त्याचबरोबर पेडल हळू फिरवत पिंजऱ्याच्या पट्टीकडे पाहा. चक्र एका जागी पट्टीच्या जवळ येतं आणि दुसऱ्या जागी दूर जातं, असं होत असेल तर ते वाकलं आहे.

चेन मोजायला साधी पट्टी पुरते. चेनच्या एका खिळ्याच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या खिळ्याच्या मध्यापर्यंत नव्या चेनवर ३०४.८ मिमी भरतात. ३०७ मिमी झाले की चेन बदला. झिजलेली चेन लवचीक होते, पिंजऱ्याने ढकललं तरी वाकून जागेवरच राहते. वेळेवर बदलली नाही तर ती दातही खाते, आणि स्वस्त सायकलींमध्ये पुढची तिन्ही चक्रं एकमेकांना रिबिटांनी जोडलेली असल्यामुळे मग सगळा संच बदलावा लागतो.

चक्र काढून परत बसवलं असेल तर ते योग्य कोनात बसलं आहे का, हेही पाहा. मोठ्या चक्राच्या आतल्या बाजूला चेन वर उचलणाऱ्या लहान खुंट्या आणि उतार असतात आणि त्यांची जागा मोजून ठरवलेली असते. चक्र दोन भोकं इकडे-तिकडे फिरून बसलं की ऐन वेळी खुंटी हाताशी नसते. काही चक्रांना बाहेरच्या बाजूला एक मोठी खुंटी असते, ती पेडलच्या दांड्याच्या बरोबर मागे यायला हवी. चेन बाहेर उतरलीच तर दांडा आणि चक्र यांच्या फटीत अडकू नये म्हणून ती आहे.

वाटेत चेन आत उतरली तर पेडलवर जोर देऊ नका, चेन फ्रेम आणि चक्राच्या मध्ये रुतून बसते. खटका मोठ्या चक्राच्या दिशेने दाबा आणि पेडल अगदी हलक्या पायाने फिरवा. बऱ्याचदा चेन आपणहून वर येते, हात काळे करावे लागत नाहीत.

बॉटम ब्रॅकेट, वाकलेलं चक्र आणि खटक्याच्या आत तुटून अडकलेली वायर ही तीन कामं हत्यारं असल्याशिवाय घरी करू नयेत. ती दुकानातच द्या. तिथे ‘गिअर बघा जरा’ एवढं म्हणून सायकल ठेवून येऊ नका. चेन पुढच्या आणि मागच्या कोणत्या चक्रावर असताना अडते, चढताना की उतरताना, वायर सोडल्यावर पिंजरा परत येतो की नाही, हे कागदावर लिहून मेकॅनिकच्या हातात द्या.